पूल जाळण्याआधी

डेटा व्हिज्युअलायझेशनबद्दल काही वाचायला घेतलंत, तर एक जुना फ्रेंच नकाशा हमखास समोर येतो. 1869 साली तो शार्ल जोसेफ मिनार या निवृत्त इंजिनिअरने काढला. या माणसाची सगळी नोकरी फ्रान्सच्या रस्ते आणि पूल खात्यात गेली होती. नकाशात एक जाड तपकिरी पट्टा पश्चिमेकडून मॉस्कोकडे जातो आणि एक काळा पट्टा तिथून परत येतो. पट्ट्याची जाडी म्हणजे नेपोलियनच्या सैन्यातली माणसं. प्रमाण आहे एक मिलिमीटरला दहा हजार माणसं. निघताना 4,22,000, परत पोचताना 10,000.

परतीचा काळा पट्टा बेरेझिना नावाच्या नदीशी येतो तेव्हा आकडा असतो 50,000. नदी ओलांडल्यावर 28,000. कागदावर हा फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा आहे. पट्टा जिथे असा अचानक बारीक होतो तिथे थांबून बघितलं, तर नीतीच्या पुस्तकांत वारंवार येणारा एक प्रश्न दिसतो. काहींना वाचवण्यासाठी उरलेल्यांना सोडून द्यायची वेळ आली, तर चांगल्या माणसाने काय करावं? बेरेझिनाच्या काठावर हा प्रश्न एका माणसासमोर प्रत्यक्ष उभा होता, आणि त्याच्याकडे उत्तर द्यायला दीडेक तास होता.

आधी प्रसंग समजून घेऊ.

नेपोलियनचं सैन्य जून 1812 मध्ये रशियात शिरलं आणि 14 सप्टेंबरला मॉस्कोत पोचलं. झार अलेक्झांडर तहाला तयार होईना. शहर बरंचसं जळून गेलं होतं. 19 ऑक्टोबरला सैन्य परत फिरलं. नोव्हेंबरच्या शेवटी ते आजच्या बेलारूसमधल्या बोरिसोवजवळ आलं, तेव्हा त्याला सैन्य म्हणणंही अवघड होतं. निम्मे लोक अजून आपापल्या तुकडीत होते, हातात बंदुका होत्या. उरलेल्यांची तुकडी सुटलेली, अधिकारी मेलेले, बोटं हिमदंशाने काळी पडलेली. ते घोड्याचं मांस मिळेल तिथे थांबत आणि गर्दी जाईल तिकडे चालत. त्यांच्याबरोबर बायका होत्या, मुलं होती, सैन्यासोबत मॉस्को सोडून निघालेली कुटुंबं होती.

मागून कुतुझोव येत होता. उत्तरेकडून रशियन सेनापती विट्गेनस्टाइन येत होता (तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन वेगळा). समोर चिचागोवच्या सैन्याने बोरिसोवचा पूल घेतला होता. फ्रेंचांनी गाव परत जिंकलं, पण रशियनांनी जाताना पूल जाळला. नदी गोठलेली असती तर सगळे चालत पलीकडे गेले असते. पण मध्येच थंडी कमी झाली आणि बर्फ फुटलं. नदीला पाणी चढलं होतं आणि त्यातून बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहत होते. हे सैन्य इतके दिवस थंडीने मरत होतं आणि नेमक्या या जागी थंडी पुरेशी नव्हती.

बोरिसोवच्या उत्तरेला स्तुद्योन्का नावाच्या खेड्यापाशी उथळ पाण्याची जागा सापडली. दक्षिणेकडे खोटी हालचाल दाखवून चिचागोवला तिकडे पळवलं गेलं. पूल बांधायची जबाबदारी जनरल जाँ-बाप्तिस्त एब्ले याच्यावर आली. पन्नाशी ओलांडलेला हा तोफखान्यातला माणूस पूल बांधणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता. त्याच्या हाताखाली साधारण 400 माणसं होती, त्यांत बरेच डच. त्यांनी खेड्यातली घरं पाडली, त्यांच्या वाशांच्या आणि फळ्यांच्या लाकडी घोड्या तयार केल्या, आणि छातीपर्यंत बर्फाळ पाण्यात उतरून त्या नदीत उभ्या केल्या. 26 नोव्हेंबरला दुपारी एकच्या सुमारास पायदळाचा पूल तयार झाला. चारच्या सुमारास गाड्या आणि तोफांसाठी दुसरा. दोन्ही साधारण शंभर मीटर लांब. दुसरा पूल त्या रात्रीत वारंवार मोडला. दर वेळी तीच माणसं शेकोटीपासून उठून पुन्हा पाण्यात उतरली.

27 तारखेला नेपोलियन आणि त्याची खास गार्ड पलीकडे गेली. 28 ला दोन्ही काठांवर घनघोर लढाई झाली. पूर्वेकडे मार्शल व्हिक्टरची पिछाडीची तुकडी विट्गेनस्टाइनला अडवत होती, पश्चिमेकडे उदिनो आणि ने यांची माणसं चिचागोवला. रशियन तोफांचे गोळे पुलाजवळच्या गर्दीत पडू लागले. लोक एकमेकांना तुडवत पुलाकडे धावले, गाड्या उलटल्या, कितीतरी जण नदीत ढकलले गेले. रात्री व्हिक्टरची तुकडी पलीकडे यायची होती. तिला वाट मिळावी म्हणून एब्लेच्या माणसांना प्रेतांच्या आणि मोडक्या गाड्यांच्या ढिगातून अक्षरशः खंदक खणल्यासारखा रस्ता काढावा लागला.

मध्यरात्रीनंतर तो रस्ता मोकळा होता. पूल उभे होते, रिकामे होते. आणि पूर्वेच्या काठावर हजारो लोक शेकोट्यांभोवती बसून होते. उठत नव्हते.

हे आधीच्या रात्रीही झालं होतं. 27 च्या रात्री पूल जवळजवळ मोकळे पडले होते. आता 29 च्या पहाटे एब्ले आणि व्हिक्टर दोघांनीही या लोकांना हलवायचा प्रयत्न केला. सकाळी पूल जाळणार आहोत, आत्ताच निघा, असं सांगून पाहिलं. थोडे उठले, बहुतेक उठले नाहीत. आदेश होता सातच्या सुमारास पूल जाळायचा, म्हणजे विट्गेनस्टाइन त्याच पुलावरून पाठलाग करणार नाही. एब्लेने सात वाजता आग लावली नाही. तो थांबला. साडेआठच्या पुढे, रशियन अगदी जवळ आल्यावर, पूल पेटवले. तेव्हा काठावरचे लोक धावले. काही जळत्या पुलावर चढले, काहींनी पाण्यात उड्या घेतल्या. मागे कित्येक हजार माणसं राहिली.

आपल्या भाषेत ‘परतीचे दोर कापले’ असं आपण सहज म्हणतो. सिंहगडाच्या लढाईत तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापल्याची गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. त्यात एक शौर्य आहे, कारण दोर कापणारा स्वतःही त्याच बाजूला उभा आहे. बेरेझिनाला दोर कापणारा पलीकडे होता आणि ज्यांचे दोर कापले ते त्याचेच लोक होते. या कृतीला गौरवाचा वाक्प्रचार सापडत नाही. बरोबर होती की नाही, एवढंच विचारता येतं.

हिशेबाने पाहिलं तर उत्तर सोपं वाटतं. पूल शाबूत ठेवला असता तर शत्रू पलीकडे आला असता आणि जे वाचले होते तेही गेले असते. थोड्यांसाठी सगळ्यांना धोक्यात घालता येत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात यासाठी ट्रॉलीचं उदाहरण असतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट हिने ते 1967 च्या एका निबंधात मांडलं. ट्राम सुसाट चालली आहे, एका रुळावर पाच माणसं आहेत, दुसऱ्यावर एक. ट्राम कुठे वळवायची? सोशल मीडियावर याचे इतके मीम फिरतात, की आता तो विनोदच झाला आहे.

पण बेरेझिनाच्या काठावर हे उदाहरण दोन ठिकाणी तोकडं पडतं.

पहिलं म्हणजे रुळावरची माणसं हलू शकत नाहीत. स्तुद्योन्काची हलू शकत होती. पूल शंभर पावलांवर होता, रिकामा होता, त्यांना सांगितलंही होतं. मग दोष त्यांचाच, असं म्हणायचा मोह होतो. कठीण निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला तो होतो: आम्ही संधी दिली होती, त्यांनीच घेतली नाही.

हे वाक्य उच्चारण्याआधी त्या शेकोटीपाशी कोण बसलं होतं ते बघायला हवं. महिनाभराहून अधिक काळ उपाशी चाललेला माणूस. थंडीत शरीर बधीर होतं तसं मनही होतं. उद्या सकाळ ही फार लांबची गोष्ट होते आणि समोरची ऊब ही एकच खरी गोष्ट उरते. शिवाय आधीचे दोन दिवस याच माणसांना पुलापासून हटवलं गेलं होतं. आधी शिस्तीतल्या तुकड्या जाणार, सुट्या माणसांनी थांबायचं, असा नियम होता. ज्याला दोन दिवस मागे ढकललं, त्याला तिसऱ्या रात्री ‘आता पळ’ म्हटल्यावर तो पळाला नाही, तर ती निवड पूर्णपणे त्याची राहत नाही. निवड करण्याची ताकदही अन्नासारखीच संपते. पूल मोकळा असणं आणि पूल ओलांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच पुलावरचा आणखी एक प्रसंग आहे. सैन्याचा प्रमुख शल्यचिकित्सक लारे पलीकडे पोचला होता, पण शस्त्रक्रियेची उपकरणं आणायला पुन्हा मागे आला आणि गर्दीत अडकला. तिथे चिरडून मेलाच असता. सैनिकांनी त्याला ओळखलं आणि हातोहात उचलून पुलापलीकडे पोचवलं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. हाच तो डॉक्टर, ज्याने रणांगणावर हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यावरून उपचाराचा क्रम लावायची पद्धत रूढ केली. ज्या गर्दीला आपण बेशुद्ध, आपमतलबी समजतो, तीच गर्दी त्या क्षणी एका माणसासाठी हात वर करते. तो त्यांच्यासाठी कोणीतरी होता. बाकीचे एकमेकांसाठी आता कोणीच नव्हते. तुकडी सुटली तेव्हा त्यांना नावाने हाक मारून ‘ऊठ’ म्हणणारा माणूसही सुटला होता. ज्या तुकड्या टिकल्या त्यांतल्या सैनिकांना कोणीतरी ओढून नेलं. मला वाटतं, त्या काठावरचा मोठा फरक शूर आणि भित्रे असा नव्हता. कोणाला हाक मारणारं कोणी होतं आणि कोणाला नव्हतं, हा होता.

दुसरी गोष्ट. ट्रॉलीच्या उदाहरणात ट्राम वळवली की गोष्ट संपते. खऱ्या आयुष्यात बरोबर निर्णय घेतल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स याने एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं आहे. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. आपण त्याला समजावतो की तुझा दोष नाही, आणि ते खरंही असतं. पण तो जर लगेच ‘हो, माझा दोष नाहीच’ म्हणून जेवायला बसला, तर आपल्याला त्याची भीती वाटेल. दोष नसला तरी ते आपल्या हातून घडलं, याचं एक ओझं असतं आणि ते वाटणं हे माणूसपणाचं लक्षण आहे.

एब्लेचं थांबणं आपण असं वाचू शकतो: बरोबर निर्णयाचं ओझं मान्य करणारा माणूस. पण इथे एक अडचण आहे. मनाला बरं वाटावं म्हणूनही माणसं थांबतात. निर्णय झालेला असतो, आपण फक्त जड चेहरा करून उशीर करतो आणि त्या उशिराची किंमत दुसराच कोणीतरी देतो. एब्लेच्या त्या दीड तासाचा धोका त्याच्या माणसांनीही पत्करला होता. मग हे थांबणं त्या लोकांसाठी होतं की स्वतःसाठी?

याची कसोटी मला एकच दिसते. थांबलेला माणूस त्या वेळात काय करतो? एब्लेच्या माणसांनी रात्री प्रेतांमधून वाट काढली होती, लोकांपर्यंत जाऊन सांगितलं होतं, पूल शेवटपर्यंत वापरता येईल असा ठेवला होता. सकाळचा तो उशीर या कामाच्या शेवटाला जोडलेला होता. हळहळ आणि मदत यांत फरक करायचा असेल, तर हात कुठे आहेत ते बघावं.

आणि इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. या सगळ्या गोष्टीत आपली नजर साडेआठ वाजताच्या मशालीवर खिळते. नीतीचा प्रश्न तिथेच आहे असं वाटतं. पण साडेआठला एब्लेच्या हातात फार काही उरलंच नव्हतं. खरा निर्णय त्याच्या आठवडाभर आधी, ओर्शा नावाच्या गावात झाला होता.

ओर्शाला नेपोलियनने तरंगत्या पुलाच्या बोटी जाळून टाकायला सांगितल्या. कारण साधं होतं: घोडे उरले नव्हते आणि जे होते ते तोफा ओढायला हवे होते. पुढच्या नद्या गोठलेल्याच असणार, असं धरून चालायला त्या थंडीत हरकत नव्हती. बोटी गेल्या. पण एब्लेने अवजारांच्या आणि खिळ्यांच्या सहा गाड्या, दोन फिरत्या लोहारभट्ट्या आणि कोळसा मागे ठेवला नाही. त्याच्या माणसांनी स्मोलेन्स्कपासून प्रत्येकी एखादं अवजार आणि थोडे खिळे अंगावर वाहून आणले होते. उपाशी माणूस मॉस्कोची लूटसुद्धा रस्त्यावर टाकून देत होता, तेव्हा हे लोक खिळे उचलून चालत होते.

त्या क्षणी ही नैतिक कृती आहे असं कोणाला वाटलं नसेल. त्यात काही नाट्य नव्हतं. कोणी मरत नव्हतं, कोणी वाचत नव्हतं. हे सामानाचं आणि वजनाचं कंटाळवाणं काम होतं. पण मिनारच्या नकाशात नदीपलीकडे जो 28,000 चा पट्टा उरतो, तो या खिळ्यांवर उभा आहे. मागे राहिलेल्या लोकांची बाकी नेपोलियनच्या हिशेबातही शोधावी लागेल: मॉस्कोत घालवलेला महिना, परतीच्या वाटेवर नसलेलं अन्न, ओर्शाला जाळलेल्या बोटी. मशाल पेटवणारा हात एब्लेचा होता, पण पर्याय एकेक करून दुसऱ्याच कोणीतरी आधी जाळले होते.

हे आपल्या ओळखीचं आहे. मोठ्या व्यवस्थांमध्ये ‘नाही’ म्हणायचं काम नेहमी शेवटच्या माणसाकडे येतं. खाटा किती असाव्यात हे ठरवणारे बैठकीत असतात, खाट नाही हे सांगणारी नर्स दारात उभी असते. नोकरकपातीचा निर्णय वरच्या मजल्यावर होतो, फोन करणारी मुलगी एचआरमध्ये दोन वर्षांपूर्वी लागलेली असते. मग आपण त्या नर्सच्या आणि त्या मुलीच्या संवेदनशीलतेवर चर्चा करतो. ट्रॉलीचा प्रश्न या बाबतीत फसवा आहे. तो आपल्याला थेट खटक्यापाशी उभा करतो आणि रुळावर माणसं कोणी बांधली, ब्रेक कोणी दुरुस्त केला नाही, हे विचारायची सोय ठेवत नाही.

आता माझ्याच मुद्द्यावरचा एक आक्षेप, जो टाळता येणार नाही. एब्ले ज्या सैन्यासाठी पूल बांधत होता ते दुसऱ्याच्या देशात घुसलेलं सैन्य होतं. पुलाचं लाकूड स्तुद्योन्काच्या घरांचं होतं. बर्फ पडत असताना ज्यांची घरं पाडली, त्यांची हिवाळ्याची सोय काय झाली, हे मिनारच्या नकाशात नाही. शिवाय त्या पुलावरून नेपोलियन सुटला. 5 डिसेंबरला सैन्य सोडून तो पॅरिसला निघाला. सैन्याच्या नाशाची कबुली देणाऱ्या त्याच्या प्रसिद्धिपत्रकाचा शेवट सम्राटांची प्रकृती उत्तम आहे, या बातमीने होत होता. 1813 मध्ये तो नवं सैन्य घेऊन पुन्हा लढाईला उभा राहिला आणि आणखी लाखभर घरांत सुतक आलं. म्हणजे एब्लेच्या खिळ्यांनी माणसं वाचवली आणि युद्धही वाचवलं.

म्हणूनच एब्लेला संत करता येत नाही, आणि मला करायचंही नाही. चांगलं काम वाईट हेतूच्या गाडीला जुंपलं जाऊ शकतं, हे त्याच्या गोष्टीतलं कडू सत्य आहे. काम नीट करणं पुरेसं नसतं. ते कोणासाठी चाललं आहे हा प्रश्न उरतोच, आणि ओर्शाच्याही आधी, रशियाची सीमा ओलांडताना तो विचारायला हवा होता. पण त्यामुळे पाण्यात उतरलेल्या 400 माणसांचं काम खोटं ठरत नाही. नदीकाठी उभ्या असलेल्या मुलाने ते युद्ध सुरू केलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी वजा होत नाही.

त्या 400 पैकी फार थोडे तो हिवाळा पार करू शकले. एब्ले स्वतः डिसेंबर संपता संपता कोनिग्सबर्गमध्ये आजारपणाने मरण पावला. फ्रेंच भाषेत ‘बेरेझिना’ हा शब्द आजही दाणादाण, पुरता बोजवारा या अर्थाने वापरतात. सैन्याचा गाभा वाचवणाऱ्या पुलांची आठवण त्या शब्दात नाही. भाषा संकट लक्षात ठेवते, तयारी विसरते. आपणही तेच करतो.

आयुष्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात मशाल कधी येणार नाही. पण ओर्शा येत राहील: आत्ता गरज नाही, वजन जास्त आहे, कोणी विचारणार नाही, टाकून देऊ, असं वाटण्याची वेळ. म्हाताऱ्या नातेवाइकाला उगाच केलेला फोन, ऑफिसमध्ये कोणी वाचत नसलेल्या सुरक्षेच्या सूचना, गटातून हळूहळू सुटत चाललेला मित्र. तेव्हा जे उचलून ठेवू, तेवढेच पर्याय पुढे नदीकाठी हातात असतील.

आणि कोणी जड आवाजात ‘आमच्यापुढे पर्यायच नव्हता’ म्हणालं, तर त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल शंका घेऊ नका. फक्त आठवडाभर आधीचं विचारा. तेव्हा बोटी होत्या का, आणि खिळे कोणी जपले होते?